सत्तावीस आवर्तनं : ड्यूक एलिंग्टनची न्यूपोर्टची मैफल कशी ऐकावी

जॅझ नव्याने ऐकू पाहणाऱ्याच्या हातात लोक बहुतेक वेळा स्टुडिओत केलेली एखादी शांत, घोटीव रेकॉर्ड देतात. मला ते फारसं पटत नाही. आपल्याकडचा कान मैफलीत तयार झालेला असतो. गवयाने एखादी जागा घेतली की पुढच्या रांगेतून उठणारी दाद, तबलजीचं हसणं, मागच्या तंबोऱ्यावरच्या शिष्याचा हुंकार हे सगळं आपण गाण्याचाच भाग म्हणून ऐकतो. अशा माणसाला जॅझमध्ये मैफलीच्या दारातून शिरणं सोपं जातं. आणि त्यासाठी एकच मैफल निवडायची तर मी अमेरिकी पियानोवादक आणि रचनाकार ड्यूक एलिंग्टनच्या ऑर्केस्ट्राची निवडेन, ७ जुलै १९५६ च्या रात्रीची, न्यूपोर्टमधली. ती जॅझमधली सर्वश्रेष्ठ आहे असा माझा दावा नाही. एलिंग्टनच्याच याहून नाजूक आणि खोल रेकॉर्डी आहेत. पण वादक आणि श्रोते एकमेकांना कसे चढवत नेतात, हे इतकं उघडपणे क्वचितच ऐकायला मिळतं. शिवाय या रेकॉर्डमध्ये खरं किती आणि नंतर चिकटवलेलं किती याची एक भानगड आहे. ती समजून घेताना कान चांगलाच तयार होतो.

पुढे सांगितलेलं सगळं एका संध्याकाळी उरकायला जाऊ नका. वेगवेगळ्या दिवशी चार-पाच बैठकी कराव्या लागतील. मुख्य तुकडा चौदा-साडेचौदा मिनिटांचाच आहे, त्यामुळे हे जड जाणार नाही.

आधी एवढं माहीत असू द्या

१९५६ साली एलिंग्टनचे दिवस बरे नव्हते. मोठ्या वाद्यवृंदांचा जमाना दुसऱ्या महायुद्धानंतर ओसरला होता. पंधरा-सोळा वादकांचा पगार, प्रवास, हॉटेलं हा खर्च झेपेना म्हणून बहुतेक बँड बंद पडले होते. एलिंग्टनने स्वतःच्या गाण्यांच्या रॉयल्टीतले पैसे घालून आपला बँड चालू ठेवला. १९५५ च्या उन्हाळ्यात तर याच बँडने न्यूयॉर्कमध्ये पाण्यातल्या कसरतींच्या एका खेळाला साथ केली होती. त्याचा अल्टो सॅक्सोफोनवाला जॉनी हॉजेस १९५१ मध्ये सोडून गेला होता, तो १९५५ मध्ये परत आला. अशा अवस्थेत ही मंडळी न्यूपोर्टला पोचली.

न्यूपोर्ट हे ऱ्होड आयलंड या छोट्या राज्यातलं समुद्रकाठचं श्रीमंतांचं गाव. तिथला जॅझ महोत्सव जॉर्ज वीनने १९५४ मध्ये सुरू केला होता. कार्यक्रम फ्रीबॉडी पार्कात, उघड्यावर. शनिवारी संध्याकाळी एलिंग्टनचा बँड सुरुवातीलाच मंचावर आला, पण चार वादक जागेवर नव्हते. दोन-तीन चिजा वाजवून ते उतरले. मधे इतरांचे कार्यक्रम झाले आणि रात्री पावणेबाराच्या सुमारास पूर्ण बँड पुन्हा आला तेव्हा लोक घरी निघायला लागले होते. पुढचं ऐकताना ही गोष्ट डोक्यात ठेवा: समोरची माणसं दमलेली आहेत, काही जण उठलेली आहेत.

आधी त्यांनी महोत्सवासाठी नव्याने रचलेला तीन भागांचा स्वीट, म्हणजे एकत्र गुंफलेल्या तुकड्यांची मालिका, वाजवला. तो बरा आहे, त्यावर मी वेळ घालवणार नाही. मग एलिंग्टनने १९३७ मधली एक जुनी जोडरचना काढली, ‘डिमिन्युएंडो इन ब्लू’ आणि ‘क्रेसेंडो इन ब्लू’. पहिली मोठ्या आवाजात सुरू होऊन हळूहळू निवत जाते. दुसरी हळू सुरू होऊन चढत जाते. मूळ रेकॉर्ड मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीवर होती, एका बाजूला एक. तबकडी उलटेपर्यंत मधे आपोआप खंड पडायचा. मंचावर तो खंड कशाने भरायचा, हा प्रश्न एलिंग्टनने वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या तऱ्हेने सोडवला. न्यूपोर्टला त्याने जाहीर केलं की मधला भाग टेनर सॅक्सोफोनवाला पॉल गोन्साल्विस वाजवेल. शीर्षकातली सत्तावीस आवर्तनं ती हीच, त्याच्या या सोलोची.

हे आडनाव वाचून गोव्याच्या वाचकाने कान टवकारले असतील. पॉल गोन्साल्विस गोव्याचा नव्हे. जन्म अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधला, आईवडील आफ्रिकेच्या किनाऱ्यापलीकडच्या केप व्हर्दे बेटांतले. म्हणजे आडनाव आलं ते त्याच पोर्तुगीज साम्राज्यातून, ज्याने मजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसना ते दिलं. ते मुंबईच्या फिल्मी वाद्यवृंदांत व्हायोलिन वाजवायचे, प्यारेलालना त्यांनीच शिकवलं. नातं एवढंच. पण दोन खंडांवरच्या दोन गोन्साल्विसांनी मोठ्या वाद्यवृंदात आयुष्य काढलं, हे मला लिहिल्यावाचून राहवलं नाही.

कोणती आवृत्ती ऐकायची

ही पायरी गाळू नका, कारण एकाच नावाखाली दोन बऱ्याच वेगळ्या रेकॉर्डी फिरतात.

पहिली १९५६ ची कोलंबिया कंपनीची एलपी, म्हणजे मोठी लाँग-प्ले तबकडी. निर्माता जॉर्ज अवाकियन. एलिंग्टनच्या सगळ्यांत जास्त खपलेल्या रेकॉर्डींत तिची गणना होते. पण तिच्यातला बराच भाग न्यूपोर्टचा नाहीच. नवा स्वीट पुरेशा तालमीशिवाय मंचावर गेला होता, म्हणून दोन दिवसांनी, ९ जुलैला, न्यूयॉर्कच्या स्टुडिओत बँडला बोलावून त्याचे भाग पुन्हा वाजवून घेतले गेले. ‘जीप्स ब्लूज’ हा हॉजेसचा तुकडाही तिथेच पुन्हा केला. आणि वर टाळ्या-शिट्ट्या चिकटवल्या. ‘डिमिन्युएंडो आणि क्रेसेंडो’ मात्र मैफलीतलंच होतं, पण त्यात दुसरीच अडचण झाली होती. मंचावर दोन संस्थांचे मायक्रोफोन होते, कोलंबियाचे आणि परदेशी प्रक्षेपणासाठी ध्वनिमुद्रण करणाऱ्या व्हॉइस ऑफ अमेरिकेचे. गोन्साल्विस पुढे येऊन उभा राहिला तो नेमका चुकीच्या, म्हणजे व्हॉइस ऑफ अमेरिकेच्या माइकसमोर. परिणामी जॅझमधला हा सगळ्यांत गाजलेला सोलो एलपीवर कुठून तरी दुरून आल्यासारखा ऐकू येतो.

दुसरी १९९९ ची, दोन सीडींची. व्हॉइस ऑफ अमेरिकेची टेप लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये सापडली आणि फिल शाप या न्यूयॉर्कच्या अभ्यासकाने ती कोलंबियाच्या टेपशी जुळवली. दोन्ही टेपा मोनो, म्हणजे दोन्ही कानांना एकच आवाज देणाऱ्या, पण माइक मंचावर वेगवेगळ्या जागी होते. म्हणून एक टेप एका कानात आणि दुसरी दुसऱ्या कानात ठेवून, वेळ तंतोतंत जुळवून, खराखुरा स्टिरिओ तयार झाला. सत्तावीस आवर्तनांचा तो सोलो त्रेचाळीस वर्षांनी जवळून ऐकू आला. याच संचात ९ जुलैची स्टुडिओतली मुद्रणंही वेगळी काढून दिली आहेत. ती पुढे आपल्या कामाला येणार आहेत.

तेव्हा मुख्य ऐकणं १९९९ च्या आवृत्तीवर करा. स्ट्रीमिंगवर शोधताना नावापुढे ‘कम्प्लीट’ आहे का ते बघा. यादीत चाळीसच्या आसपास तुकडे दिसले, त्यांत निवेदनांचे छोटे तुकडे वेगळे दाखवलेले असले, तर तीच आवृत्ती. पाचच तुकडे दिसले तर ती जुनी एलपी. जुन्या रेकॉर्डींच्या दुकानात एलपी मिळाली तर जरूर घ्या, मुखपृष्ठाच्या मागचं अवाकियनचं टिपण वाचण्यासारखं आहे. फक्त तिच्यावर ‘स्टिरिओ’ छापलेलं असलं तर तो मोनोवरून कृत्रिमपणे केलेला स्टिरिओ आहे. मोनो प्रत मिळत असेल तर तीच बरी.

ऐकण्याची मांडणी

फोनच्या स्पीकरवर हे ऐकू नका. एवढी एकच अट मी घालतो. फोनचा स्पीकर डबल बेसचा, म्हणजे उभं धरून बोटांनी छेडायच्या भल्यामोठ्या व्हायोलिनसारख्या वाद्याचा, आवाज जवळजवळ गिळून टाकतो, आणि या चौदा मिनिटांचा सगळा डोलारा बेसवर उभा आहे. महागडी यंत्रणा लागत नाही, साधे वायरचे इअरफोनही चालतात. एक बैठक इअरफोनवर आणि एक स्पीकरवर, आवाज थोडा मोठा ठेवून, अशी करा. फोनमध्ये ‘बेस बूस्ट’सारखं काही चालू असेल तर बंद करा. अशा सोयींमुळे बेस मोठा होतो खरा, पण त्याचा प्रत्येक सुटा स्वर एकमेकांत मिसळून नुसती घरघर उरते.

पहिली बैठक : नुसतं ऐका

‘डिमिन्युएंडो’च्या आधीच्या निवेदनापासून सुरू करा आणि त्यानंतरच्या गोंगाटापर्यंत थांबू नका. काही मोजू नका, वाचत बसू नका. साधारण रचना एवढीच ध्यानात ठेवा: आधी बेस आणि ड्रमच्या साथीने एलिंग्टनचा पियानो, मग पूर्ण बँडचा लिहिलेला भाग जो कमी कमी होत जातो, मग थोडा पियानो, मग गोन्साल्विस, पुन्हा थोडा पियानो, आणि शेवटी पूर्ण बँडचा चढत जाणारा भाग.

पहिल्यांदा ऐकताना मधला सोलो लांब वाटेल. वाटू द्या. काहींना तो कंटाळवाणाही वाटतो, आणि अगदी नाव घेण्याजोग्या समीक्षकांनीही त्याच्याकडे नाक मुरडलं आहे. त्या आक्षेपाकडे आपण येऊच.

दुसरी बैठक : बारा बार बोटांवर

आता मोजायचं. ही रचना ब्लूजची, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या लोकगाण्यातून आलेल्या घाटाची. ब्लूजचं एक आवर्तन बारा बारचं असतं आणि एका बारमध्ये चार मात्रा. जॅझवाले या आवर्तनाला कोरस म्हणतात. आपल्याकडे आवर्तन म्हटलं की ठेक्याचे बोल ऐकून जागा ओळखायची सवय असते. इथे जागा ओळखायची ती खालचा स्वराधार बदलतो त्यावरून. सरगमच्या भाषेत सांगायचं तर पहिले चार बार आधार सा वर. पाचव्या-सहाव्या बारला तो मध्यमावर जातो. सातवा-आठवा पुन्हा सा. नवव्या-दहाव्यात तो पंचमाकडे झुकतो आणि अकराव्या-बाराव्यात सा वर परततो. वादक यात बारीकसारीक फेरफार करतात, पण सांगाडा हाच.

मोजायची सोपी युक्ती: आपण एका बोटावर चार मोजतो, तीन पेरी आणि टोक. तीनताल मोजायला चार बोटं लागतात, इथे तीन पुरतात. प्रत्येक पेरावर एक बार. पायाने मात्रा धरा, अंगठ्याने बार. पहिलं बोट संपून दुसऱ्या बोटाच्या पहिल्या पेरावर आलात की बेसचा आधार हललेला ऐकू आला पाहिजे, तोच तो मध्यम. तिसऱ्या बोटावर आलात की पंचमाकडचा ओढा. तीन बोटं झाली की एक आवर्तन पूर्ण. या लयीत एक आवर्तन चौदा सेकंदांच्या आसपास संपतं, त्यामुळे पहिल्यांदा धांदल उडते. तसं झालं तर मात्रा सोडून द्या, फक्त बार मोजा.

मोजणी लिहिलेल्या भागापासून सुरू करू नका. ‘डिमिन्युएंडो’मध्ये एलिंग्टनने ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोन असे गट एकमेकांवर असे चढवले आहेत की आवर्तनाच्या कडा मुद्दाम पुसल्या जातात. एका गटाचं वाक्य संपायच्या आत दुसरा गट उत्तर द्यायला लागतो. तिथे तज्ज्ञांचीही बोटं चुकतात. सोलो सुरू झाला की पहिल्या बोटाच्या पहिल्या पेरावर अंगठा ठेवा आणि निघा. दुसऱ्या हाताने आवर्तनं मोजत गेलात तर सत्तावीस भरली पाहिजेत. एक-दोन कमी-जास्त भरली तर मागे जाऊन पुन्हा. सत्तावीस हा आकडा या बैठकीपुरता महत्त्वाचा, नंतर विसरा.

टाळीबद्दल एक सूचना. आपला हात नकळत पहिल्या मात्रेवर पडतो, समेची सवय. जॅझमध्ये जोर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर असतो, आणि ड्रमवाला सॅम वुडयार्ड तो जोर अगदी ठोकून देतो. पहिल्या-तिसऱ्या मात्रेवर टाळी देत ऐकलंत तर हेच संगीत बँडबाजासारखं चौकोनी लागेल. हात दुसऱ्या-चौथ्यावर न्या. पाच मिनिटं विचित्र वाटेल, मग सोलोची उडी कळायला लागेल.

तिसरी बैठक : सॅक्सोफोन सोडून बाकी सगळं

या मैफलीचं मर्म मला इथे सापडतं, म्हणून ही बैठक घाईने करू नका. सोलोची सहा-साडेसहा मिनिटं तीनदा ऐका, आणि तिन्ही वेळा गोन्साल्विसकडे लक्ष द्यायचं नाही असं ठरवून.

पहिल्यांदा फक्त जिमी वुडचा बेस. मात्रेला एक स्वर, सलग, न थांबता. त्याचा आवाज मोठा होत नाही, लय पळत नाही. पळायला कारणं भरपूर होती. हजारो लोक ओरडायला लागल्यावर लय चढवण्याचा मोह कुठल्याही साथीदाराला होतो, हे आपल्याकडच्या जुगलबंदी ऐकलेल्यांना वेगळं सांगायला नको.

दुसऱ्यांदा एलिंग्टन. पियानो तो मोजकाच वाजवतो, मधूनच एखादा ठोका टाकतो आणि सोडून देतो. पण त्याचा आवाज ऐका. बँडमधून सतत आरोळ्या येत राहतात, त्यांत त्याच्याही आहेत. बँडचा प्रमुख स्वतःच दाद देतोय, गोन्साल्विसला पुढे ढकलतोय. मंचाच्या कडेला आणखी एक माणूस होता जो रेकॉर्डच्या श्रेयनामावलीतला वादक नाही. काउंट बेसीच्या बँडमधला जुना ड्रमर जो जोन्स. तो गुंडाळलेलं वर्तमानपत्र मंचाच्या कठड्यावर लयीत आपटत होता, आणि त्या रात्री हजर असलेल्यांनी बँड पेटण्याचं बरंच श्रेय त्याला दिलं आहे. रेकॉर्डवर तो आवाज सुटा काढून दाखवणं अवघड, पण तिथे ड्रमशिवाय आणखी एक हात लय धरून आहे एवढं माहीत असलं की ऐकण्यात फरक पडतो.

तिसऱ्यांदा फक्त लोक. सोलोच्या सुरुवातीला गर्दीचा आवाज जेमतेम आहे. अवाकियनने टिपणात लिहिलंय की सातव्या आवर्तनाच्या सुमाराला काळ्या पोशाखातली, फिक्या सोनेरी केसांची एक तरुणी पुढच्या बॉक्समधून उठून नाचायला लागली. तिला बघायला लोक उठले, खुर्च्यांवर चढले, आणखी काही जण नाचायला लागले. सोलोत एक हात आवर्तनं मोजतोच आहे. सातव्याच्या आसपास गर्दीच्या आवाजाचा पोत बदलतो का ते बघा. टाळ्यांचा एकदम कडकडाट होत नाही. आधी कुठल्या तरी एका कोपऱ्यातून गलका वाढतो, मग तो पसरतो. गोन्साल्विसची आधीची आवर्तनं आणि नंतरची आवर्तनं यांत स्वरांच्या दृष्टीने फार मोठा फरक नाही. फरक समोरच्या माणसांत पडला आणि तो मागाहून वादकांत शिरला.

याच बैठकीत इअरफोनची एक गंमत करून बघा. आधी फक्त डावा कानात ठेवा, मग फक्त उजवा. एका बाजूला सॅक्सोफोन जवळ, दुसऱ्या बाजूला लांब. लांबचा ऐकू येतो तो थोडाफार १९५६ च्या एलपी विकत घेणाऱ्याने ऐकलेला सोलो.

चौथी बैठक : आता गोन्साल्विस

टेनर सॅक्सोफोनवर त्याचा आवाज जाड, हवेने भरलेला, कडा किंचित विरघळलेल्या असा आहे. कोलमन हॉकिन्स आणि बेन वेब्स्टर यांच्या घराण्यातला, त्यातही वेब्स्टरच्या जवळचा. वेब्स्टर एलिंग्टनच्याच बँडमध्ये होता आणि त्याचे सोलो गोन्साल्विसला तोंडपाठ होते.

आक्षेप असा की सत्तावीस आवर्तनांत सांगण्यासारखं फारसं नाही, तीच तीच वळणं फिरून येतात. आक्षेप अर्धा खरा आहे. स्वररचनेच्या समृद्धीत त्याच काळातला टेनरवाला सॉनी रॉलिन्स गोन्साल्विसच्या कितीतरी पुढे होता. पण गोन्साल्विस इथे राग मांडत बसलेला नाही, तो लयीवर स्वार आहे. एक छोटं वाक्य घेतो, ते दोन-तीनदा फिरवतो, मग मात्रा अर्ध्याने सरकवून तेच वाक्य पुन्हा टाकतो. आवर्तन संपताना बहुतेक वेळा श्वास घेत नाही, वाक्य कडेवरून पुढच्या आवर्तनात लोटतो. म्हणून थांबावंसं वाटेल अशी जागाच श्रोत्याला मिळत नाही. बोटांवर मोजत ऐकलंत तर हे नेमकं दिसतं: तिसऱ्या बोटाचं टोक आलं तरी वाक्य चालूच.

आणि एक बघा, तो ओरडत नाही. अशा वेळी टेनरवाले वरच्या सप्तकात किंचाळायला लागतात, लोकांना तेच हवं असतं. गोन्साल्विस बहुतेक वेळ मधल्या पट्टीतच राहतो. चढण आवाजाची नाही, साचत जाण्याची आहे. त्याच्या वादनाची खरी खोली मात्र संथ चिजांत आहे असं माझं मत. १९५८ च्या ‘हॅपी रीयुनियन’मध्ये तो ऐका, म्हणजे न्यूपोर्टच्या यशाने त्याच्यावर थोडा अन्यायच केला हे पटेल. पुढची कित्येक वर्षं लोक त्याच्याकडे तेच लांबलचक ब्लूज मागत राहिले.

सोलो संपल्यावर

बहुतेक जण इथे थांबतात. थांबू नका. सोलोनंतर एलिंग्टन पियानोवर पुन्हा थोडी आवर्तनं घेतो. तो मुद्दाम सगळं खाली आणतो, कारण पुढचा भाग हळू सुरू व्हायला हवा. नुकत्याच वेड्या झालेल्या गर्दीसमोर आवाज खाली आणायचं धाडस त्याने केलं म्हणूनच ‘क्रेसेंडो’ला चढायला जागा मिळाली. मग एकेक गट येत जातो आणि शेवटी कॅट अँडरसनचा ट्रम्पेट सगळ्यांच्या डोक्यावरून जातो. असे उंच स्वर त्याच्याशिवाय त्या बँडमध्ये कोणाला लागत नव्हते. १९३७ ची मूळ रेकॉर्ड सहज मिळते, ती यानंतर लगेच ऐका. तिथे हेच लिखाण जास्त काटेकोर, जास्त बारीक आहे. न्यूपोर्टला काही काही जागी बँड ढोबळ वाजतो. चालायचंच.

नंतरचे तुकडे जसे आहेत तसे ऐका. सुमारे सात हजारांची गर्दी आवरेना, तेव्हा दंगल होईल या भीतीने जॉर्ज वीनला कार्यक्रम थांबवायचा होता. एलिंग्टन नको म्हणाला. १९९९ च्या आवृत्तीत ही मंचावरची ओढाताण ऐकू येते. एलिंग्टनने गर्दी शांत केली ती संगीतानेच: जॉनी हॉजेसला पुढे बोलावलं. हॉजेसच्या अल्टोवरचा एकेक स्वर दुसऱ्यावर ज्या मिंडेने उतरतो त्यासाठी आपल्या कानाला कुठलंही प्रशिक्षण लागत नाही. आधी एक संथ गाणं, मग ‘जीप्स ब्लूज’. गर्दीचा आवाज कसा बसत जातो ते ऐका. त्यानंतर आणखी तुकडे आहेत, ड्रमचा एक लांब सोलोही. तो मी सहसा गाळतो.

२० ऑगस्टच्या ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर एलिंग्टन झळकला. आपला जन्म १९५६ मध्ये न्यूपोर्टला झाला, असं तो पुढे म्हणत असे.

पाचवी बैठक : खोट्या टाळ्या ओळखणं

आता ‘जीप्स ब्लूज’ची दोन मुद्रणं एकापाठोपाठ लावा, ७ जुलैचं मैफलीतलं आणि ९ जुलैचं स्टुडिओतलं. जुनी एलपी हाताशी असेल तर तिच्यावरचं तिसरं, टाळ्या चिकटवलेलं. वादन स्टुडिओतलं जास्त स्वच्छ आहे, हे मान्य करायला हरकत नाही. पण टाळ्यांकडे लक्ष द्या. खरी दाद संगीताच्या पाठोपाठ येते आणि असमान असते. कोणी लवकर टाळी देतो, कोणी उशिरा, कोणी एकटाच ओरडतो, आणि त्या आरोळीला कधी कधी वादकाचं उत्तरही मिळतं. चिकटवलेली दाद एकाच उंचीची असते, हळूच येते, हळूच मावळते, आणि वादक तिच्याशी काही बोलत नाही. दुसरी खूण म्हणजे जागेचा आवाज. उघड्या मैदानात माइकमध्ये वारा आणि लांबची कुजबुज सतत असते, तुकडे-तुकडे नसते. स्वर थांबला की भोवतालची हवा एकदम नाहीशी होत असेल तर ती खोली आहे, मैदान नव्हे.

अवाकियनला खलनायक करायची गरज नाही. त्या काळात हे सर्रास चालायचं, आणि नव्या स्वीटचं चांगलं वादन लोकांपर्यंत पोचावं ही त्याची इच्छाही समजण्यासारखी आहे. फक्त मुखपृष्ठावर ते सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

यानंतर काय ऐकायचं

हीच कसोटी दुसऱ्या मैफलींवर लावून बघा. टोरोंटोच्या मॅसी हॉलमधली १९५३ ची चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पीची मैफल घ्या. तिथे बेस नीट ऐकू येत नव्हता म्हणून चार्ल्स मिंगसने नंतर तो वरून वाजवून भरला. बिल एव्हान्सच्या त्रयीची न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्डमधली २५ जून १९६१ ची मैफल अगदी उलट प्रकारची आहे. तळघरातला छोटा क्लब, ग्लासांची किणकिण, गप्पा, आणि मंचावरचे तिघे जणू एकमेकांसाठीच वाजवतायत. बेसवाला स्कॉट लाफारो त्यानंतर अकरा दिवसांत मोटार अपघातात गेला. थेलोनियस मंक आणि जॉन कोलट्रेन यांची कार्नेगी हॉलमधली २९ नोव्हेंबर १९५७ ची टेपही व्हॉइस ऑफ अमेरिकेचीच, तीही लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्येच, २००५ मध्ये हाती लागली.

एलिंग्टनमागोमागच जायचं असेल तर ‘फार ईस्ट स्वीट’ घ्या. १९६३ मध्ये अमेरिकी सरकारने हा बँड मध्यपूर्व आणि दक्षिण आशियाच्या दौऱ्यावर पाठवला. दमास्कस, काबूल, दिल्ली, मुंबई अशी शहरं त्यांनी केली. दिल्लीत एलिंग्टन आजारी पडून इस्पितळातही होता. नोव्हेंबरमध्ये केनेडींच्या हत्येनंतर दौरा तुर्कस्तानात मधेच थांबला. त्या प्रवासातून एलिंग्टनने आणि त्याचा सहरचनाकार बिली स्ट्रेहॉर्नने हा स्वीट रचला आणि डिसेंबर १९६६ मध्ये मुद्रित केला. स्टुडिओतली रेकॉर्ड आहे, टाळ्या नाहीत. त्यात दिल्लीच्या साळुंकीवरचा तुकडा जिमी हॅमिल्टनच्या क्लॅरिनेटवर आहे, तो आधी ऐका. मग ‘माउंट हरिसा’ लावा. तिथे टेनरवर पॉल गोन्साल्विस आहे, दहा वर्षांनी मोठा झालेला, आणि या वेळी त्याला कोणी घाई करत नाही.